मोठ्या बोर्डांचे धक्के

आमच्या दुकानात आलेला नवा माणूस आधी भिंतीकडं बघतो. तिथं ओळीनं मेलेले मदरबोर्ड टांगलेत. घरच्या कॉम्प्युटरचा बोर्ड वहीएवढा असतो. हे सर्व्हरचे आणि मोठ्या वर्कस्टेशनचे, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढे. दोन-दोन प्रोसेसरच्या जागा, रॅमच्या सोळा पट्ट्यांच्या खाचा, कडेला पंख्यांची कनेक्शनं. माणूस विचारतो, "शोभेला लावलेत काय?" मग मी एखाद्या बोर्डाकडं बोट दाखवते आणि चहा सांगते, कारण आता अर्धा तास गेला हे मला माहीत असतं. किस्से गोळा करायला आम्ही कुठं जात नाही. ते बोर्डाबरोबरच पिशवीतून येतात.

आम्ही दोघंच. मी विद्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात नऊ वर्षं एका कंपनीत बोर्ड दुरुस्त केले आणि मग बारामतीत परत आले. दुसरे तात्या. सांगवीचे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग बोर्ड, असा चाळीस वर्षांचा त्यांचा हात. शाळा सातवीपर्यंत. डोळ्याला सोनाराचं भिंग लावून बसले की तासभर बोलत नाहीत, आणि बोलले की समोरचा तासभर बोलत नाही.

*

सुरुवात पणदऱ्याच्या गणेशपासून करते, कारण त्या दिवशी मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

गणेश लग्नांचं शूटिंग करतो. ड्रोन, दोन-तीन कॅमेरे, सगळं. व्हिडिओ जोडायला जुना कॉम्प्युटर पुरत नव्हता म्हणून त्यानं पुण्यातून दोन प्रोसेसरचा वापरलेला बोर्ड आणला. आठ दिवसांनी कॅबिनेट घेऊन आमच्याकडं.

"मॅडम, चालूच होत न्हाय."

"कॅबिनेट तर जुनंच दिसतंय. त्यात हा बोर्ड बसला कसा?"

"बसत न्हवता. मग बसवला."

मी झाकण काढलं. बोर्डाची उजवी कडा सरळ, स्वच्छ, ताजी कापलेली होती. दीड इंच गायब. मला क्षणभर वाटलं आपण काहीतरी चुकीचं बघतोय. चष्मा काढला, पुसला, परत लावला. कडा कापलेलीच होती.

"गणेश, हे कुणी कापलं?"

"ग्रिल बनवणारा दोस्त हाय माझा. ग्राइंडरनं एका मिनटात केलं. पण मॅडम, बघून कापलंय. तितं काय न्हवतंच. मोकळी जागा. एक पार्ट सुद्धा कापला न्हाय."

आता याला कसं सांगायचं. घडीच्या पोळीला पदर असतात तसे त्या बोर्डाला आठ-दहा पदर असतात. प्रत्येक पदरात केसाएवढ्या तांब्याच्या वाटा. वरून मोकळं दिसतं तिथं आत सगळी गर्दी असते. मी समजावत होते आणि गणेशचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "चौदा लग्नं हायेत मॅडम त्यात. एकाचंपण अजून दिलं न्हाय."

पण हार्डडिस्क वेगळ्या असतात, त्या दुसऱ्या मशीनला लावून बघितल्या, चौदाच्या चौदा लग्नं सुखरूप निघाली. गणेश मटकन स्टुलावर बसला.

तात्या एवढा वेळ भिंगातून त्या कापलेल्या कडेकडं बघत होते. त्यांनी मान वर केली.

"राहिलेला तुकडा कुठं हाय?"

मला वाटलं चेष्टा करतायत. गणेशनं पिशवीत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवी पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"आणलाय की. जोडता येतंय न्हवं?"

*

पोपटरावांचं सांगायला मला आजही अवघड जातं.

एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे, शेतीच्या यंत्रांचे पार्ट बनवतात. तिथं डिझाइनला मोठं वर्कस्टेशन आहे आणि त्यावर पोपटराव. वय पन्नाशीचं, कामात वाघ, आणि मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही. तक्रार अशी की मशीन दहा मिनिटं चालतं आणि तापून बंद पडतं.

प्रोसेसर आणि त्यावरचा थंड करणारा धातूचा ठोकळा, या दोघांमध्ये एक पांढरी पेस्ट लावतात. उष्णता त्या पेस्टमधून ठोकळ्यात जाते. मी तिथंच मशीन उघडून ठोकळा उचलला. खाली वाळून भेगा पडलेला पांढरा थर. उन्हाळ्यात तळं आटल्यावर दिसतं तसं.

"पेस्ट कधी बदलली?"

"दसऱ्यात. खंडेनवमीला मशीन साफ केलं तेव्हा मीच लावली. वर्षाला लावतोच मी."

तात्यांनी नखानं थोडं खरवडलं, चिमटीत चोळलं, वास घेतला.

"चुना हाय."

पोपटराव भडकले. "तात्या, मी काय येडा हाय का? ट्यूबमधनं काढून लावलीया."

त्यांच्या टेबलाचा खण उघडाच होता. त्यात करंगळीएवढी पांढरी ट्यूब, तंबाखूची पिशवी आणि किल्ल्या. तिघांनी एकाच वेळी खणाकडं बघितलं. नंतर तिघांनी एकमेकांकडं.

तात्यांनीच विचारलं, "पोपटराव, चुन्याची ट्यूब प्रोसेसरला लागली. मग तंबाखूला काय लावताय?"

पोपटरावांनी खणातली ट्यूब उचलली. डोळ्यांपासून लांब धरून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. ट्यूब पार चपटी झाली होती. ते खुर्चीवर बसले आणि रुमालानं जीभ पुसायला लागले.

मी स्कूटर काढली आणि त्यांना थेट डॉक्टरांकडं नेलं. ट्यूबही बरोबर घेतली. डॉक्टरांनी ती तीनदा वाचली, मला दोनदा विचारलं की हे नक्की कशासाठी असतं. रक्त तपासलं, पोट तपासलं, पुढं महिनाभर दर आठवड्याला बोलावलं. देवाच्या दयेनं काही निघालं नाही. पोपटरावांनी तंबाखू त्या दिवशी सोडली ती सोडलीच.

पण त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "एवढे दिवस हे तोंडात जातंय. त्रास काय होत होता?"

पोपटरावांनी बराच विचार केला.

"त्रास असा काय न्हाय. पण हल्ली तंबाखू लागत न्हवती."

*

इंदापूरच्या अलीकडं एका कुटुंबाचं डाळिंबाचं पॅकहाउस आहे. माल परदेशात जातो, प्रत्येक खोक्याची नोंद सर्व्हरवर. सगळं घरातल्या सुमनकाकू बघतात. साठीच्या, नऊवारी नेसतात आणि कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करतात, पण चूक सापडणार नाही.

सर्व्हर बंद पडला तेव्हा मी फोनवर सांगितलं, की नुसता बोर्ड काढून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका आणि जपून आणा, फार नाजूक आणि महाग वस्तू आहे.

दुपारी काकू गाडीतून उतरल्या. मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून आत आणलं. टेबलावर ठेवलं. लाल शालू. अस्सल जरीचा, जड काठाचा.

"तुमी म्हणला नाजूक हाय, महाग हाय. घरात ह्याच्याएवढं जपलेलं दुसरं फडकं न्हाय. म्हणून ह्यात आणला."

रेशमाच्या घासण्यानं जी वीज तयार होते ती या बोर्डांची वैरीण. मी धसकूनच गाठ सोडली. दोष तसा किरकोळ निघाला, रॅमच्या खाचांत डाळिंबाच्या सालींची बारीक धूळ. साफ केली, जोडला. चालू नाही. पुन्हा साफ केला. चालू नाही. काकू समोर हात जोडल्यासारख्या बसलेल्या. गाडीत भरायचा माल पॅकहाउसवर थांबलेला.

तात्यांनी भिंग लावलं. खाच न खाच बघत गेले. अकराव्या खाचेत थांबले. चिमट्यानं हळूच काहीतरी ओढलं. ओढतच राहिले. बोटभर लांबीची चकचकीत तार बाहेर आली. जरीची.

ती निघाली आणि बोर्ड पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी आनंदानं वळले आणि शालूकडं लक्ष गेलं. मोठ्या बोर्डाच्या मागच्या बाजूला सोल्डरच्या डागाची हजारो टोकं असतात, किसणीसारखी. तासभर गाडीच्या हादऱ्यात शालू त्या किसणीवर घासला होता. पदरावरचे मोर उसवून त्यांचे नुसते धागे लोंबत होते. "जपून आणा" असं मीच तर म्हटलं होतं.

काकूंनी शालू उलगडला, बघितला आणि शांतपणे घडी घालायला लागल्या. अर्धी घडी झाल्यावर तात्यांना विचारलं, "म्हंजे तारंमुळं बंद होता? मीच बिघडवला व्हय?"

तात्यांनी भिंग डोळ्यावरून काढलंच नाही. "न्हाय काकू. सकाळी बंद पडला तो धुळीनं."

"मग बरं." काकू उठल्या. दारातनं परत आल्या. "ती तार द्या इकडं."

पदराच्या टोकाला ती तार गाठ मारून बांधली आणि बोर्ड घेऊन गेल्या. या वेळी आमच्या खोक्यातून.

*

दुसऱ्यांचीच फजिती सांगत बसले तर तात्या म्हणतील, स्वतःचं का लपवतेस. तर हे माझं.

एका खाजगी दवाखान्यातल्या स्कॅनच्या मशीनचं वर्कस्टेशन आमच्याकडं आलं होतं. ते बंद म्हणजे स्कॅन बंद, आणि पेशंटला पुण्याला पाठवायचं. टेक्निशियन दुपारपासून आमच्या बाकावर बसून. मी बोर्डातला बिघडलेला भाग बदलला, तपासला, सगळं व्यवस्थित. शेवटचं काम राहिलं होतं प्रोसेसर परत बसवायचं.

प्रोसेसर काढला की खाली त्याची जागा उघडी पडते. काडेपेटीएवढा चौकोन आणि त्यात दोन हजारावर पिना. केसासारख्या, सगळ्या एकाच दिशेला किंचित वाकलेल्या, वाऱ्यावर झुकलेल्या गव्हासारख्या. त्यांना श्वाससुद्धा लागू द्यायचा नसतो. मी नऊ वर्षं पुण्यात दुसऱ्यांना हेच शिकवलं होतं.

प्रोसेसर घ्यायला मी उजवीकडं वळले आणि ओढणीचं टोक त्या चौकोनावरून गेलं.

आवाज झाला नाही. नुसतं काहीतरी अडकल्यासारखं जाणवलं. मी खाली बघितलं. गव्हाच्या शेतातनं गाय गेल्यावर पडतो तसा पट्टा पडला होता.

नवा बोर्ड मागवायचा तर निदान सहा दिवस. बाकावरचा टेक्निशियन मोबाइल बघत होता, त्याला अजून काही माहीत नव्हतं. मी तात्यांकडं बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तसे ते पटकन म्हणाले, "मागं सर. पाणी त्यात पडलं तर दोघीपण जाल, तू आणि ती पिनांची जागा."

मग ते स्वतः बसले. पंखा बंद केला. भिंग, दिवा आणि शिवणाची सगळ्यात बारीक सुई. मी टेक्निशियनला जाऊन खरं सांगितलं. तो पांढराफटक पडला, पण ओरडला नाही. दवाखान्यात फोन केला, दोन पेशंटना पुण्याला पाठवायला सांगितलं आणि परत बाकावर बसला. ते दोन पेशंट माझ्यामुळं गेले, हे मी अजून विसरलेले नाही.

साडेतीन तास. सदतीस पिना. तात्या एकेक पिन उचलायचे, शेजारच्या पिनेशी ताडून बघायचे, थांबायचे, मग पुढची. घामाचा थेंब खाली पडू नये म्हणून मी त्यांच्या कपाळाला रुमाल धरून उभी. शेवटची पिन सरळ झाली, प्रोसेसर बसला, पडद्यावर अक्षरं आली. रॅमच्या सोळाच्या सोळा पट्ट्या दिसल्या. टेक्निशियननं तात्यांचे पाय धरले.

तात्यांनी पाठ सरळ केली, हाडं वाजली. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले,

"ओढणीला पिन लावायची असती. पिनांना ओढणी न्हाय."

*

आता जो सांगते तो हसायचा नाही.

एका साखर कारखान्यातला सर्व्हर. कुठला ते सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. दोन हंगामांत तीन बोर्ड गेले. नवा घातला की चार-पाच महिने चालायचा आणि मरायचा. कुणी म्हणे व्होल्टेज, कुणी म्हणे अर्थिंग. सगळं तपासून झालेलं. तिसरा बोर्ड आमच्याकडं आला तेव्हा तात्यांनी भिंगातून बघितलं आणि मला हाक मारली. तांब्याच्या वाटांवर काळी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. "असं मी एकदाच बघितलं हाय," म्हणाले, "गटारीवरच्या टपरीतल्या रेडिओत. जागा बघायला पायजे."

गेलो. सर्व्हरची खोली टाइल्सची, एसी लावलेला, सगळं चकाचक. वास काही वेगळा नाही. म्हणजे कारखान्यात असतो तोच. तिथले अधिकारी म्हणाले, "बघा, आमच्या केबिनपेक्षा ही खोली स्वच्छ आहे." तात्या एका स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. मी मीटर लावून व्होल्टेज बघत होते.

अर्ध्या तासानं शेवंताबाई फरशी पुसायला आल्या. पन्नाशीच्या असतील. वाकून पुसत पुसत तात्यांच्या स्टुलापाशी आल्या आणि तात्यांची नजर त्यांच्या पायांवर गेली.

"मावशी, पैंजण कवा केलं?"

बाई दचकल्या. मीही. तात्यांनी उभ्या जन्मात कुणा बाईला असलं विचारलं नव्हतं.

"ह्या दिवाळीला. लेकानं केलं."

"दिवाळीचं, आन् एवढं काळं?"

"घासते की. चिंच लावून घासलं की लख्ख व्हतंय. मग हितं आठ दिस काम केलं की परत काळं. जोडवीपण तशीच. बाकीच्या बायकांचं न्हाय होत, त्या तिकडं हापिसात पुसत्यात. माझ्या अंगातच उष्णता हाय म्हणत्यात."

तात्या स्टुलावरून उठले. "आनखी काय होतंय?"

"डोकं धरतंय. डोळं चुरचुरत्यात. चक्कर येती मधनंच. वय झालं आता."

ते ऐकून मी मीटर खाली ठेवला. मी शिकलेली बाई. कुजक्या सांडपाण्यातनं निघणारा वायू चांदी आणि तांबं काळं करतो हे मी पुस्तकात वाचलेलं. तो माणसाला काय करतो हेही वाचलेलं. तिथं उभी राहून मी व्होल्टेज मोजत होते.

एसीच्या पाइपासाठी भिंतीला पाडलेलं भोक नीट बुजवलेलं नव्हतं. भिंतीच्या पलीकडं सांडपाण्याची झाकलेली गटार. रोज त्याच वासात वावरून तिथल्या कुणाच्या नाकाला तो कळत नव्हता. अधिकारी भोकात टॉर्च मारून बघत होते, घाबरलेले होते, आणि म्हणत होते, "म्हणजे बोर्ड दुसरीकडं हलवायला पाहिजेत."

तात्या म्हणाले, "बोर्ड मागनं हलवा. आदी ह्यांना हितनं भाईर काढा."

त्या अधिकाऱ्यांबद्दल एक सांगायला पाहिजे, माणूस वाईट नव्हता. त्याच दिवशी शेवंताबाईंना दवाखान्यात पाठवलं, काम बदलून दिलं, आठवड्याभरात खोली हलली आणि गटारीचं कामही काढलं. पण त्या दिवशी आम्ही निघताना त्यांनी शेवंताबाईंना जरा रागानंच विचारलं, "एवढा त्रास होता तर इतके दिवस बोलला का नाही?"

बाई बादली उचलत होत्या. थांबल्या.

"सायेब, ह्यो डबा बंद पडला की बारामतीहून गाडी येती. आमी बंद पडलो की खाडा लागतो."

*

आणि हा इंदापूरचा.

तिथं एक खरेदी-विक्री संस्था आहे. शेतकरी माल आणतात, काट्यावर वजन होतं, नोंद सर्व्हरवर. संध्याकाळी लाइटचा भरवसा नाही म्हणून जाताना क्लार्क सर्व्हर बंद करतो आणि सकाळी आठला काटा सुरू व्हायच्या आधी चालू करतो. तिथले मॅनेजर घोरपडे यांचा फोन आला. "मॅडम, सर्व्हर आपोआप चालू होतोय. आधी वाटायचं क्लार्क बंद करायला विसरतोय, पण आता मी स्वतः संध्याकाळी बंद करून बघितलं, खोलीला कुलूप असतं, किल्ली माझ्याकडं. सकाळी उघडावं तर पंखे फिरत असतात."

आम्ही पोचलो तर सर्व्हरच्या रॅकला लिंबू-मिरची बांधलेली. शिपाई खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हता. सकाळी पहिलं कुलूप कोण उघडणार यावरून भांडणं चाललेली. घोरपड्यांचा भुताखेतावर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "कुणीतरी बाहेरून आत शिरतंय. वजनांच्या नोंदी बदलल्या तर उद्या शेतकरी मला विचारणार. माणूस सापडू द्या, सरळ पोलिसांत देतो."

त्यांचं अर्धं बरोबर होतं. सर्व्हरच्या बोर्डावर एक वेगळी बारीक चिप असते. सर्व्हर बंद असला तरी ती जागी असते, वायरमध्ये वीज असली की झालं. नेटवरून तिच्याशी बोलता येतं आणि लांबून मशीन चालू करता येतं. मोबाइलवरूनसुद्धा. फक्त पासवर्ड पाहिजे. आणि कोण आलं, कधी आलं, याची नोंद ती चिप ठेवते.

मी ती नोंद उघडली. रोज सकाळी साडेसातच्या आगेमागे एकच माणूस. येतो, मशीन चालू करतो, जातो. दुसऱ्या कशाला हात नाही. बाजार बंद असतो त्या दिवशीही येतो. त्या दिवशी सकाळीही आला होता, सात वाजून एकतीस मिनिटांनी.

"मधुकर जगताप कोण?" मी विचारलं.

मागं दारात उभा असलेला शिपाई खोलीपासून चार पावलं लांब गेला.

"आमचे जुने ऑपरेटर," घोरपडे म्हणाले. "हा बोर्ड त्यांनीच बसवून घेतला होता. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले."

"मग त्यांनाच फोन लावू या."

"मॅडम, ते वारले. पावसाळ्यात. आम्ही सगळे मातीला गेलो होतो."

एवढ्या वर्षांत तात्यांच्या हातातून चिमटा पडलेला मी तेव्हाच बघितला. पंख्यांचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. मी पुन्हा पडद्याकडं बघितलं. सात एकतीस. आजच.

घोरपड्यांच्या फोनमध्ये जगतापांच्या घरचा नंबर होता. त्यांनी लावला आणि माझ्या हातात दिला. स्पीकर सुरू केला. पलीकडं एका बाईचा आवाज आला. मी सांगितलं, संस्थेतून बोलतेय, मशीनचं काम करते, मधुकररावांच्या नावानं रोज सकाळी कुणीतरी मशीन चालू करतंय, तुम्हाला काही माहीत आहे का.

"व्हय," बाई म्हणाल्या. "मीच करते."

मग त्याच पुढं सांगायला लागल्या. "रिटायर झाल्यावर पण ह्यांना करमायचं न्हाय. म्हणायचं, पोरं उशिरा येत्यात, त्या मशीनला जागं व्हायला दहा-बारा मिनटं लागत्यात, तवर शेतकरी काट्यावर उन्हात उभा राहतो. म्हणून हितनं मोबाइलवरनं चालू करायचं. मग ह्यांचं हात कापायला लागलं. तवा मला शिकवलं. आंघोळ झाली, देवापुढं दिवा लावला की मोबाइल घ्यायचा, हिरवं बटण दाबायचं, रंग बदलला की झालं."

"आणि ते गेल्यावर?" मी विचारलं.

"बंद कर असं कुठं सांगून गेलं?" मग बाईंचा आवाज बदलला. "काय चुकलं का वं माझं? काय बिघडलं का तितं?"

मी घोरपड्यांकडं बघितलं. मघापासून पोलिसांचं बोलणारा तो माणूस रॅकला हात टेकवून उभा होता. पासवर्ड बदलायचं पान मी उघडून ठेवलं होतं, ते समोर दिसत होतं. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला.

"वहिनी, मी घोरपडे बोलतोय. न्हाय, काय बिघडलं न्हाय." ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं वळले. "तेवढं उद्या अमावस्या हाय. काटा बंद असतो. उद्या नका करू. परवा करा."